मीटरकाकांची तीनचाकी

टेलरकाकूंच्या नजरेतून माणूस सुटत नसे. दारात कोणी चपला काढेपर्यंत त्यांनी त्याचे खांदे, छाती, कंबर सगळं मनातल्या मनात मोजून ठेवलेलं असे. "डावा खांदा उतरलाय तुमचा, पिशवी रोज त्याच हातात धरता वाटतं," असं त्या पहिल्या भेटीतच तोंडावर सांगत, आणि समोरचा माणूस शाळेत असल्यासारखा ताठ उभा राही. टेप त्या लावत, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एखादीने लाडात येऊन "काकू, मी बारीक झालेय ना हो?" असं विचारलं तर टेपकडे न बघताच म्हणत, "मागच्या वर्षीचा ड्रेस घालून ये, मग बोलू." एवढं फटकळ तोंड असूनही गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण त्यांनी शिवलेला कपडा अंगावर बसायचा.

त्यांच्या नवऱ्याला सगळे मीटरकाका म्हणत. पाणीखात्यात ते मीटर वाचायचे, म्हणजे घरोघर जाऊन, जमिनीतलं झाकण उचलून, आत वाकून आकडे टिपायचे. या माणसाच्या पायाला भिंगरी होती. नोकरीभर चालले ते चाललेच, पण रिटायर झाल्यावरही सकाळी चहा घेऊन जे बाहेर पडत ते जेवायलाच उगवत. कुठल्या गल्लीतून कुठे निघता येतं, कुठला जिना कुणाच्या परसात उतरतो, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरोखर चावतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. नवे पोस्टमन त्यांनाच पत्ते विचारत. काकूंना फिरायची हौस नव्हती आणि मशीनवरून उठायला सवडही नव्हती. संध्याकाळी काका स्टुलावर बसून दिवसभराच्या बातम्या देत, काकू टीप मारता मारता हुंकार भरत, आणि अधूनमधून "पुरे झालं पुराण, दोरा ओवून द्या" म्हणून त्यांना गप्प करत. दोघांचं छान चाललं होतं.

मग एका सकाळी काका शर्टाची बटणं लावता लावता खाली बसले ते उठलेच नाहीत. डावी बाजू लुळी पडली होती. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं बरंच परत आलं होतं, हातही थोडाफार हलत होता. पण तोल गेला तो गेलाच. भिंतीला धरून घरातल्या घरात फिरत. बाहेर जायचं तर कुणीतरी दंडाला धरायला हवं, आणि ते काकांना मंजूर नव्हतं. "माझी धिंड काढायची नाही," ते म्हणत. काकूंनी समजावलं, चिडून पाहिलं, चांगला अबोला धरून पाहिला. काका ढिम्म. ते खिडकीशी बसून राहू लागले. रस्त्यावरून ओळखीचं कुणी हाक मारून गेलं की उजवा हात वर करत, आणि तो माणूस दिसेनासा होईपर्यंत बघत राहत.

टेपचं प्रकरण त्याच दिवसांतलं. काकांची पँट कमरेला सैल झाली होती म्हणून काकू टेप घेऊन त्यांच्यापुढे वाकल्या. काकांनी चांगल्या हाताने टेप घट्ट धरली.

"मला मोजू नकोस," ते म्हणाले. "दवाखान्यात मोजून झालंय सगळ्यांचं. हात किती उचलतो, पाय किती वाकतो, कालच्यापेक्षा आज किती. तू तरी नको."

काकूंनी टेप गळ्यात टाकली आणि त्यानंतर त्यांच्या अंगाला लावली नाही. पँटी मात्र त्या आत घेत राहिल्या, नुसत्या अंदाजाने, थोड्या थोड्या, काका दुपारी झोपलेले असताना. काकांना हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? दोघांनीही त्याकडे कानाडोळा केला.

तीनचाकी लेकीने पाठवली. लेक नोकरीच्या गावी, लांब. तोल नसलेली माणसंसुद्धा ही सायकल एकटी चालवतात हे तिने कुठेतरी पाहिलं आणि आईला फोन केला, "खोकी येतील. सायकलवाल्या काकांना बोलाव. आणि बाबांना आधी काही बोलू नकोस, नाहीतर ते परत पाठवायला लावतील."

सायकलवाले काका म्हणजे मीटरकाकांचा धाकटा भाऊ. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. काकू त्यांना भावजी म्हणत, तेव्हा आपणही भावजीच म्हणू. खोकी आली त्या दिवशी भावजींनी दुकान बंद ठेवलं, पान्यांची पिशवी घेऊन आले, खोकी फोडली आणि डोकं खाजवत बसले. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"वहिनी, याला सीट नाही, खुर्ची आहे. हँडल खुर्चीच्या खाली. पेडल पार पुढे, माणसाच्या नाकासमोर. ही सायकल आहे का न्हाव्याची खुर्ची?"

"चाकं आहेत ना? मग सायकलच," काकू म्हणाल्या.

भावजींनी आधी सांगाडा जुळवला. मधोमध एक जाड लांब नळी, तिच्यावर आडवा दांडा, दांड्याच्या दोन टोकांना पुढची दोन चाकं आणि मागे एक. पाठ टेकून पाय पसरता येतील अशी खुर्ची बसवली. चेन तर इतकी लांब की ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. मग भावजींनी स्वतःच्या डोक्याने एक बदल केला. दादाच्या डाव्या हाताने ब्रेक दाबला जाणार नाही, म्हणून दोन्ही पुढच्या चाकांचे ब्रेक त्यांनी उजव्या मुठीवर एकत्र आणले. डाव्या पेडलवर पाऊल अडकवायला चामड्याचा पट्टा लावला. काका खाटेवरून बघत होते. आधी म्हणाले, "हे काय नसतं लचांड?" मग म्हणाले, "तो बोल्ट उलटा घातलास." आणि दुपार होईपर्यंत ते खाटेच्या अगदी कडेला येऊन बसले होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांना कसली तरी घाई झाली होती.

आता राहिलं ते सायकल अंगाला बसवायचं काम. पेडल ज्या नळीच्या टोकाला होती, ती नळी सांगाड्यात आतबाहेर सरकायची. बसणाऱ्याच्या पायाप्रमाणे ती सरकवायची आणि बोल्टने आवळायची. फार आत राहिली तर गुडघे दुखतात, फार बाहेर राहिली तर पाय पुरत नाही.

"दादा, खाली भिंतीला पाठ लावून बस बघू," भावजी म्हणाले. "कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतो."

एवढा वेळ हुकूम सोडणारे काका एकदम खाटेवर मागे सरकले. चेहरा उतरला.

"माप कशाला?" काकू घाईघाईने म्हणाल्या. "त्यांचं माप मला पाठ आहे." आणि त्यांनी आकडा सांगून टाकला. लग्नानंतर काकांची पहिली पँट शिवली तेव्हाचा तो आकडा. टेलर असलेल्या वहिनीच्या मापावर भावजी काय शंका घेणार? त्यांनी नळी तेवढी बाहेर काढली, बोल्ट आवळला आणि चेन त्या बेताने जोडून टाकली.

काका बसले. उजवा पाय बरोबर पुरला. डावा आता गुडघ्यात पूर्ण सरळ होत नव्हता. तो पेडलपर्यंत न्यायला काका खुर्चीत खाली घसरले, कंबर एका अंगाला वाकडी केली, पट्ट्यात पाऊल कसंबसं अडकवलं आणि म्हणाले, "झकास. अगदी बरोबर."

काकूंना दिसलं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर कपडा असा ओढलेला दिसता तर त्यांनी तो तिथल्या तिथे उतरवून उसवला असता. पण काका हसत होते, आणि ते हसू बघून काकूंनी तोंडापर्यंत आलेला शब्द गिळला.

"माझ्या मागे कुणी यायचं नाही," काकांनी बजावलं आणि ते निघाले. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. काका राजासारखे रेलून त्यांच्यामधून गेले आणि कोपऱ्यावरून वळले. काकू दारात, जीव टांगणीला लागलेला. भावजी म्हणाले, "तीन चाकं आहेत वहिनी. पडून पडून पडणार कुठे?"

काका पडले नाहीत हे खरं. कोपऱ्यापलीकडच्या उंचवट्यावर सायकलला हिसका बसला, ताणलेला डावा पाय पट्ट्यातून निसटला, जमिनीला टेकला, आणि सायकल पुढे जात असल्यामुळे आडव्या दांड्याखाली ओढला गेला. दूधवाल्याने त्यांना टेम्पोत घालून घरी आणलं. घोट्याजवळ हाड मोडलं होतं.

भावजी रडकुंडीला आले. प्लास्टर घालून आणल्यावर ते खाटेशी उभे राहून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "पट्टा मी नीट लावला नाही दादा. माझंच चुकलं."

"पट्ट्याचं नाही, मापाचं चुकलं," काकू म्हणाल्या. "मी जुनं माप दिलं. पाय पुरत नाही हे मला दिसत होतं, तरी मी बोलले नाही."

"मलाही कळत होतं," काका छताकडे बघत म्हणाले.

प्लास्टर निघालं. त्यानंतर एका दुपारी काकू काज करत बसल्या होत्या तेव्हा काका म्हणाले, "अगं, टेप आण."

काकूंनी त्यांना भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसवलं. उजवा पाय मोजला. मग डावा. मांडी काकूंच्या दोन मुठींत मावेल एवढी उरली होती आणि गुडघा जिथे सरळ व्हायचा थांबत होता, तो आकडा जुन्या मापाच्या आसपासही नव्हता. सगळ्या वस्तीचे कपडे बेतणारी बाई नवऱ्याच्या पायाशी बसून हमसून हमसून रडली. आपण इतके महिने जुन्या मापातल्या माणसाबरोबर राहत होतो आणि हा समोरचा माणूस त्याच घरात एकटा राहत होता, या विचाराने त्यांना फार वाईट वाटलं. त्या तसं बोलल्याही. काकांनी चांगला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"कापड कमी लागेल आता," ते म्हणाले. "खूश व्हायचं सोडून रडतेस काय?"

भावजींनी नळी आत घेतली, चेनच्या कड्या काढल्या, आणि डाव्या पेडलवर टाच धरून ठेवणारी पत्र्याची वाटी बसवून वरून दोन पट्टे लावले. पाय निसटायची सोयच ठेवली नाही. काका आता पाठ नीट टेकवून बसत. गुडघा थोडा वाकलेलाच राही, पण पेडल पुरं फिरे. आणि मग काही महिने त्या घरात इतके सुखाचे गेले की काकूंना पुढे त्यांची आठवण काढायलाही भीती वाटायची. काका सकाळी एकटे निघत, जेवायला परत येत. संध्याकाळी स्टुलाऐवजी खाटेवरून बातम्या सुरू होत. अमक्याची भिंत पडली, तमक्याच्या कुत्रीला पिल्लं झाली, चष्मेवाल्याने दुकान हिरवंगार रंगवलं. "हिरवं म्हणजे कसं, पोपटासारखं!" काका हात उडवून सांगत. चष्मेवाल्याचं दुकान दोन दिवसांनी पुन्हा आलं, आणि मग पुन्हा.

"रोज रंगवतो का हो तो?" काकूंनी टोमणा मारला. काका हसले. काकूही हसल्या. माणूस खुशीत असला की तेच तेच सांगतो, असं त्यांना वाटलं.

पाय मात्र आखडत चालला होता. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम काकू नेमाने करून घेत, तेल चोळत, तरी आखडायचा थांबेना. मधूनमधून काका आपणहून भिंतीशी बसत, काकू टेप लावत, निरोप जाई, भावजी येऊन नळी थोडी आत सरकवत, चेनची कडी काढत आणि चहा पिऊन जात. डॉक्टर काय म्हणतात याकडे काकूंचं फारसं लक्ष नसायचं, त्या नळीकडे बघून समजायचं ते समजत. तरी काका बाहेर जात होते, आणि तेवढं टिकलं की बास, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे पुढे काका लवकर परतू लागले. "आज कोपऱ्यापर्यंतच गेलो," म्हणत. काकूंनी समजून घेतलं, पाय दुखत असणार.

एक दिवस भावजींनी बोल्ट सैल केला, नळी आत रेटली, पुन्हा जोर लावून रेटली, आणि टाचांवर बसले.

"वहिनी, ही आता आत जात नाही. टोकाला टेकली."

काकू मशीनवरून उठल्या. "मग?"

"मग काय? नळी आतल्या टोकाकडून कापायची. बोटभर कापली की पुन्हा सरकेल. चांगली करवत दुकानात आहे, ती घेऊन येतो." भावजी खुशीतच गेले. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या मशीनवर बसणार एवढ्यात काका म्हणाले, "कापू देऊ नकोस."

"का? बोटभर नळी तर कापायची."

"पाय नाही गं. पाय अजून फिरवतो मी पेडल." काका थांबले. "रस्ता राहत नाही डोक्यात."

काकूंना कळेना. त्या त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

"मंगळवारी मी आपल्याच दारावरून दोनदा गेलो," काका म्हणाले. "घर ओळखू येईना. कुठलंही असेल असं वाटलं. आतून तुझी मशीन वाजत होती, तो आवाज ओळखला, म्हणून थांबलो. तू तेव्हा चहा करायला उठली असतीस तर मी पुढे गेलो असतो. कुठे, ते मलाच ठाऊक नाही."

काकूंना चष्मेवाल्याचं हिरवं दुकान आठवलं, आपला टोमणा आठवला. माणूस डोळ्यांसमोर उसवत होता आणि त्या थट्टा करत बसल्या होत्या.

"डॉक्टरांना सांगू या," त्या कशाबशा म्हणाल्या.

"सांग. पण धाकट्याला नको. लेकीलाही नको. पाय गेला म्हणू देत. पाय गेला तर लोक हळहळतात. डोकं गेलं कळलं की माझ्याशी बोलताना तुझ्याकडे बघायला लागतील. तेवढं नको." काकांनी त्यांचं मनगट धरलं. "शब्द दे."

काकूंनी शब्द दिला.

भावजी करवत घेऊन आले तेव्हा काकू दारात आडव्या उभ्या होत्या.

"भावजी, राहू द्या. नळी कापायची नाही."

"म्हणजे? आत्ता तर..."

"नको म्हणते ना. पुरे झालं फिरणं. एकदा पाय मोडून झालाय. रोज दारात उभं राहून माझ्या जिवाला घोर लागतो. आता घरात बसू दे त्यांना."

भावजींनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. "दादा काय म्हणतो?"

"मी म्हणते तेच."

भावजी तापट नव्हते, पण भावावर त्यांचा जीव होता. त्यांचा चेहरा लाल झाला. "वहिनी, तो बाहेर जाऊन आला की माणसात असतो. तुम्हाला दिसत नाही? का तुम्हाला तो खिडकीशी बसलेलाच हवाय, नजरेसमोर?" करवत त्यांनी पिशवीत कोंबली. "त्या वेळी चुकीचं माप सांगितलंत, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

एरवी एकाला दोन सुनावणारी ही बाई, पण खाली मान घालून उभी राहिली. भावजी चपला पायात सरकवून निघून गेले, चहालाही थांबले नाहीत. काकूंनी उंबऱ्यातच पदराने डोळे पुसले आणि आत आल्या.

काका त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"धाकटा असा रागावून का गेला?"

"जाऊ द्या. निवळेल राग."

"पण त्याला परत का पाठवलंस गं? करवत आणली होती ना त्याने? नळी कापायची होती."

"अहो, तुम्हीच..." काकू थांबल्या. काका उत्तराची वाट बघत होते. डोळे स्वच्छ, त्यांत कसली लपवाछपवी नव्हती. मघाशी मनगट धरणारा हात आता खाटेच्या कडेवर अधीरपणे आपटत होता.

"मी काय?" त्यांनी विचारलं. "मला उद्या बाहेर जायचंय."

"मला भीती वाटते," काकू म्हणाल्या. "म्हणून मीच नको म्हटलं."

काकांनी त्यांच्याकडे अशा रागाने पाहिलं की तसं त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मग ते खिडकीकडे वळून बसले आणि झोपायची वेळ होईपर्यंत काकूंशी एक शब्द बोलले नाहीत.